शेजारची सीट

दाजींसाठी ग्राफिक्स कार्ड निवडायचं काम ताईनं माझ्या गळ्यात घातलं. मी आठवडाभर दुकानात लोकांचे कॉम्प्युटर जोडतो. सुट्टीच्या दिवशीही तेच करायचं अगदी जिवावर आलं होतं. पण दाजींना नाही म्हणवेना. उभी हयात ट्रक चालवण्यात गेलेला माणूस. पक्षाघातानं डावा पाय गेला आणि घरी बसला. मग भाचीनं त्यांना ट्रक चालवायचा गेम, स्टिअरिंग, पेडल असं सगळं आणून दिलं. पगार वाढल्यावर भारीतला मॉनिटरही.

"हा मॉनिटर सेकंदाला एकशे चव्वेचाळीस चित्रं दाखवू शकतो," मी समजावलं. "तुमचं जुनं कार्ड जेमतेम चाळीस काढतं. मग मधल्या वेळात स्क्रीन तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवते."

"तेच नाही दाखवत," दाजी म्हणाले. "मधे एक माणूस असतो."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. डोळे ओढलेले होते तिचे.

चित्र कुठे अडकतं ते बघायला मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये स्क्रीनचं शूटिंग केलं. खिडकीच्या पडद्यातून दुपारचं ऊन येत होतं, कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. एकेक चित्र पुढे सरकवत गेलो. मोकळा रस्ता. पुन्हा तोच रस्ता. मग तोच, पण कडेला हात दाखवत कोणीतरी उभं. पुढच्या चित्रात तो नाही. आणखी थोडं पुढे गेल्यावर तो ट्रकच्या दाराशी.

शेवटी शेवटी केबिनमधली शेजारची सीट दिसत होती. तिच्यावर एक गुडघा, आणि गुडघ्यावर ठेवलेला हात.

"कोण आहे हा?"

"विचारलं नाही. लांबच्या रस्त्याला सोबत बरी असते."

स्वयंपाकघरात ताई हळूच म्हणाली, "दिवसभर त्याच्याशी बोलतात रे. माझ्याशी दोन शब्द नाहीत. मोठं कार्ड टाक. मधे जागाच ठेवू नकोस."

मी पॉवर सप्लाय बदलला, मॉनिटरला पुरून उरेल असं कार्ड बसवलं आणि पुन्हा शूटिंग केलं. आता प्रत्येक चित्र नवं, स्वच्छ. सीट रिकामी.

दाजींनी थोडा वेळ ट्रक चालवला. मग कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"काय झालं?"

"काही नाही. उतरला तो."

ताईनं सुस्कारा सोडला. मलाही हायसं वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिनं फोन करून बोलावलं. कारण सांगितलं नाही. गेलो तर कॉम्प्युटर बंद. दाजी त्याच्याकडे पाठ करून बसलेले, शेजारी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून ठेवलेली. मी तिच्यावर टेकणार, तोच ते म्हणाले, "तिथे नको."

मी उभाच राहिलो. ताई दारातून आत येत नव्हती.

"खेळत नाही का हल्ली?"

"आता कशाला?" दाजी म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कशानं आलास?"

"स्कूटरनं."

"जाताना पुलावरून जाशील?"

"हो."

त्यांनी मान हलवली. मग रिकाम्या खुर्चीकडे वळले आणि थकलेल्या, आदबीच्या आवाजात म्हणाले, "हा आमचा मेहुणा. पुलाकडेच चाललाय. सोडेल तुम्हाला."

मी चपला घातल्या. मागे वळून पाहिलं नाही.

स्कूटर स्टँडवरून काढली, तेव्हा मागचं चाक किंचित दबलं.