आईचा फोन चार्ज का होईना

लाट नेमकी टिल्लूच्या मनगटावर फुटली आणि आईचा फोन ओल्या वाळूत उपडा पडला. ताईने झेप घेऊन तो उचलला आणि टी-शर्टला खसाखसा पुसला. फोन चालू होता. पण चार्जिंगची वायर लावायच्या भोकात खारं पाणी आणि वाळू शिरली होती. पडद्यावर पाण्याच्या थेंबाचं चित्र उमटलं होतं आणि ते काही केल्या जाईना.

"मी खेकड्याचा फोटो काढत होतो," टिल्लू म्हणाला. त्याचा चेहरा एवढासा झाला होता.

"मग खेकडा काय म्हणाला, अजून जवळ ये?" वकीलने विचारलं.

वकील म्हणजे मामाची मुलगी. होती शाळेतच, पण तिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं घरात कुणाला आठवत नव्हतं, म्हणून हे नाव पडलं होतं. ताई तिच्याहून थोडी मोठी, आणि टिल्लू हा ताईचा धाकटा भाऊ.

एरवी तिघंही या प्रकारावर पोट धरून हसली असती. पण हा फोन साधा फोन राहिला नव्हता. ताई-टिल्लूचे पप्पा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होते. वादळ झालं त्या दिवसापासून त्या जहाजाचा काही पत्ता नव्हता. कंपनीने सांगितलं होतं की जे काही कळेल ते आधी आईच्या नंबरवर कळवू. तेव्हापासून आई आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जायची; टिल्लूने तो तिची पाठ वळताच हळूच उचलला होता. समुद्रावरच्या या खोल्या पप्पांनीच कधीच्या ठरवून ठेवल्या होत्या, ते थेट इथेच येणार होते. जावं की न जावं यावर मामाने पुष्कळ डोकं खाल्लं. शेवटी आई म्हणाली होती, घरात भिंतींकडे बघत बसण्यापेक्षा मुलांना तरी घेऊन जाऊ.

आई टिल्लूला रागावली नाही. नुसता थेंब बघत राहिली. ते बघून टिल्लूला जास्तच रडू आलं.

"अगं आत्या, वायर नाही लागली तर काय झालं," वकील म्हणाली. "खोलीत प्रत्येक पलंगाशी वायरलेस चार्जर आहे. फोन वर ठेवायचा, बस. भोकाचा संबंधच नाही."

ते खरं होतं. हॉटेल छोटं, दोन मजल्यांचं, भिंतींचा रंग खाऱ्या वाऱ्याने पोपडे धरून सुटलेला. पण उशाशी असलेल्या टेबलांत काळ्या चकत्या बसवलेल्या होत्या. फोन ठेवला की चकतीच्या कडेला हिरवा दिवा लागायचा. आईने जेमतेम बॅटरी उरलेला फोन चकतीवर ठेवला, हिरवा दिवा लागलेला डोळ्यांनी पाहिला आणि मगच सगळ्यांबरोबर जेवायला खाली उतरली.

जेवताना मामाचा फोन वाजला. नंबर बघून तो भरल्या ताटावरून उठला आणि अंगणात जाऊन बोलत राहिला. परत आला तेव्हा त्याने भाताला हात लावला नाही. ऑफिसचा फोन होता, असं तो म्हणाला. ऑफिसातला माणूस सुट्टीतही पाठ सोडत नाही, असं आईने म्हटलं, आणि विषय तिथेच संपला.

खोलीत परत आल्यावर पाहिलं तर चकतीचा दिवा विझलेला आणि फोन पार मेलेला. आईने तो परत नीट ठेवला. मामाही लगबगीने आत आला, दे मी बघतो म्हणाला, सगळ्यांकडे पाठ करून फोन उलटापालटा केला आणि पुन्हा चकतीवर ठेवून गेला.

सकाळी फोन तसाच मेलेला होता.

आईने चादर अंगावरून बाजूला केली, फोनचं बटण दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग मामाच्या फोनवरून कंपनीला विचारते म्हणाली. मामाने लगेच सांगितलं की तो पहाटेच बोललाय, नवीन काही नाही, उगाच त्रास करून घेऊ नकोस. आईने मान हलवली आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी तिने कप उचलला नाही.

टिल्लू ताईला ओढत व्हरांड्यात घेऊन गेला. त्याला रात्रभर एकच गोष्ट खात होती.

"ताई, पप्पांनी फोन केला असेल आणि तो लागला नसेल, तर ते माझ्यामुळे ना?"

 ताईला स्वतःला आतून वाटत होतं की फोन येणार नाही. आला तरी चांगला येणार नाही. पण हे ती टिल्लूला सांगू शकत नव्हती.

"रडून फोन चार्ज होत नाही," ती म्हणाली. "चल, चार्ज का होत नाही ते शोधू."

तिघं आधी मॅनेजरकडे गेली. मॅनेजर काउंटरच्या आड पंख्याच्या वाऱ्यात बसला होता. आमचे चार्जर अगदी नवेकोरे आहेत, खोट तुमच्याच फोनमध्ये असणार, असं त्याने बघायला न येताच सांगून टाकलं. वकीलने त्याला विचारलं, तुम्ही स्वतः कधी फोन ठेवून पाहिलाय का? त्यावर त्याला एकदम कुठलंसं काम आठवलं.

मग खोलीतच शोध सुरू झाला. वकीलने दाराशी असलेल्या खाचेतून खोलीचं कार्ड उपसलं. दिवे गेले, पंखा मंदावत थांबला, आणि त्याबरोबर चकतीही बंद. कार्ड परत घातल्यावर सगळं पुन्हा सुरू झालं.

"हा बघा पहिला गुन्हेगार," वकील म्हणाली. "काल जेवायला जाताना आपण कार्ड घेऊन गेलो. आपली पाठ वळली आणि चार्जिंग बंद."

ताईने पिशवीतून तिचं शाळेच्या वाचनालयाचं कार्ड काढून खाचेत सरकवलं. वीज राहिली. मॅनेजरच्या नाकावर टिच्चून उत्तर सापडलं होतं, आणि टिल्लू पहिल्यांदाच थोडासा हसला. पण ते हसू टिकलं नाही. कारण ताई म्हणाली, काल संध्याकाळचं जमलं, पण रात्रीचं काय? रात्री तर आपण सगळे खोलीतच होतो. कार्ड खाचेतच होतं.

आई किनाऱ्यावर चटई टाकून बसली होती. फोन मेलेलाच म्हणून तिने तो चकतीवर सोडला होता, अन्यथा सोडला नसता. आता चकतीचा दिवा हिरवा नव्हता. लाल होऊन लुकलुकत होता. वकीलने स्वतःचा फोन त्याच चकतीवर ठेवला. हिरवा. आईचा फोन मामाच्या खोलीतल्या चकतीवर ठेवला. पुन्हा लाल. म्हणजे चकत्या धडधाकट होत्या, आणि मॅनेजरचं म्हणणं बरोबर होतं.

"तो बरोबर निघाला याचंच मला जास्त वाईट वाटतंय," वकील पुटपुटली आणि तिने फोनचं रबरी कव्हर सोलून काढलं. उघडा फोन चकतीवर ठेवला.

हिरवा दिवा लागला.

टिल्लूने कव्हर उलटं केलं. आत, पाठीला चिकटून, चॉकलेटची चांदी होती. नीट घडी घातलेली, फोनच्या मापाची, नखाने दाबून गुळगुळीत केलेली. वकील म्हणाली की फोन आणि चकती यांच्यामध्ये धातू आला की चार्जर बंद पडतो, आणि नाही बंद पडला तर तापतो, जास्त तापला तर पेटूही शकतो. हे ज्याने कुणी केलं त्याला यातलं अर्धंच माहीत असणार.

आपोआप अशी घडी पडत नाही, हे तिघांनाही कळत होतं. खोली साफ करणाऱ्या बाई त्या दिवशी अजून आल्याच नव्हत्या. टिल्लूने मॅनेजरचं नाव घेतलं, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. तसली चॉकलेटं कोण आणतं ते सगळ्यांना माहीत होतं. वकील खिडकीबाहेर बघू लागली.

"आपण आत्ताच काही ठरवायचं नाही," ताई तिला म्हणाली. "आधी बघू."

ताईने चांदी काढून घेतली. तिच्या जागी टिल्लूच्या चित्रकलेच्या वहीतला पांढरा कागद त्याच मापाने कापून बसवला, म्हणजे हाताला कव्हर तितकंच जाड लागावं. फोन चकतीवर ठेवला. दिवा हिरवा झाला आणि जरा वेळाने ताईने फोन चालू केला. मग तिघं बाल्कनीत वाळत घातलेल्या मोठ्या टॉवेलांमागे जाऊन बसली. टॉवेलांतून पाणी ठिबकत होतं आणि खालून वाळूत खेळणाऱ्या मुलांचा गलका ऐकू येत होता.

दुपार चढली तेव्हा दार उघडलं. मामा आत आला. आईसाठी टोपी न्यायला आलो असं दाखवायला त्याने टोपी उचललीसुद्धा. मग तो चकतीपाशी गेला आणि हिरवा दिवा बघून थबकला. त्याने फोन उचलला, कव्हर काढलं. पांढरा कागद त्याच्या हातात आला.

तेवढ्यात फोन वाजला.

मामाने तो उचलला नाही. बंदही केला नाही. फोन तळहातावर धरून तो पलंगावर बसला आणि वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे नुसता बघत राहिला. तिघांपैकी कुणी मामाला असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो घरातला सगळ्यांत मोठ्याने हसणारा माणूस होता.

ताईने टॉवेल बाजूला केला.

मामा दचकला नाही. जणू कुणीतरी येईल याचीच तो वाट बघत होता. वकील मात्र बाल्कनीच्या उंबऱ्यातच उभी राहिली.

"कंपनीचा आहे ना?" ताईने विचारलं. "काल जेवतानाचाही?"

मामाने होकार दिला. मग त्याने तुटक तुटक सगळं सांगितलं. आईचा फोन लागेना म्हणून त्यांनी काल दुसऱ्या नंबरवर, म्हणजे त्याला, कळवलं होतं. जहाज बुडालं होतं. काही माणसं सापडली, त्यांत पप्पा नव्हते. आता शोध थांबवला होता. आईला आपणच सांगतो, असं त्याने कंपनीला कबूल केलं, आणि मग जिभेवर शब्दच येईना. घरी गेल्यावर, सगळी माणसं जवळ असताना सांगू, तोवर तिला झोप तरी मिळेल, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

"ती झोपत नाही, मामा," ताई म्हणाली.

टिल्लूला सगळं कळलं नव्हतं, पण पुरेसं कळलं होतं. तो ताईच्या हाताला लटकल्यासारखा उभा होता. मामाने हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाला, एवढे दोन दिवस जाऊ देत, मग मी स्वतः बोलतो. तेव्हा वकील पुढे आली. तिचा आवाज नेहमीसारखा धारदार नव्हता.

"बाबा, फोन आत्याचा आहे. बातमीही तिचीच आहे. ती आपण आपल्याकडे ठेवून घ्यायची नाही."

मामाने लेकीकडे पाहिलं. मग त्याने फोन ताईच्या हातात दिला.

आई चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. ताईने चार्ज झालेला फोन तिच्यासमोर धरला. आईचा चेहरा क्षणभर उजळला आणि ताईला वाटलं, आपण फोन समुद्रात फेकून द्यायला हवा होता. मग आईने ताईमागे उभ्या असलेल्या मामाचा चेहरा पाहिला.  तिने मघाशी उचलायच्या राहिलेल्या फोनचा नंबर बघितला आणि तोच परत लावला.

ती फार कमी बोलली. बरंचसं ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, सगळ्या होड्या सापडल्या का? पलीकडचा माणूस बराच वेळ बोलत होता. जीव वाचवायची एक होडी सापडलेली नव्हती. पण त्या भागात इतके दिवस कुणी तग धरला असेल असं तिथल्या कुणालाच वाटत नव्हतं. आशा ठेवा असं मी तुम्हाला सांगू शकत नाही, असं तो म्हणाला. आईने त्याचे आभार मानले.

फोन खाली ठेवल्यावर तिने चांदीची सगळी हकिगत ऐकून घेतली. कार्डाची, लाल दिव्याची, टॉवेलांमागे लपल्याची. मध्येच एकदा तिने डोळे मिटून घेतले. मामा आईला म्हणाला, अगं, मला जमलं नाही ते या पोरांनी केलं, त्यांनी मला पकडलं ते बरं झालं.

"हो," आई म्हणाली. "तिघांनीही हुशारी केलीत. आणि धीर तर आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त दाखवलात." मग मामाकडे न बघता ती म्हणाली, "माझं वाईट व्हायचं ते मला कळू दे. त्यापासून मला वाचवू नकोस."

टिल्लू इतका वेळ वाळूत बोट फिरवत होता.

"मी फोन भिजवला नसता तर?"

आईने त्याला जवळ ओढलं. आता मोठा झालोय म्हणून तो एरवी मांडीवर बसत नसे, पण बसला.

"तरी हेच झालं असतं, राजा. तुझ्यामुळे काही झालं नाही."

"पप्पा येणार नाहीत?"

"नाही येणार, असंच वाटतंय," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, पण तिने वाक्य पुरं केलं. "मी तुला खोटं सांगणार नाही."

मग ती रडली. ताईही रडली, आणि वकील आत्याच्या पाठीला टेकून बसली. समोर लोक पोहत होते, कुणीतरी चेंडूमागे पळत होतं. मामा अजून उन्हात उभाच होता, आईची टोपी हातात चुरगाळत. बऱ्याच वेळाने आई चटईवर थोडी सरकली आणि तिने त्याच्यासाठी जागा केली.