फॉर्मवर नसलेला प्रश्न

सव्वीस वर्षं पायाला भिंगरी लावून वॉर्डात फिरलेली सिस्टर शेवटी स्वतःच्या गुडघ्यांपुढे हरली. हाडांच्या डॉक्टरांनी तिचे जिने बंद केले आणि हॉस्पिटलने तिला खुर्ची दिली. तळमजल्यावर पूर्वी ज्या खोलीत धुतलेल्या चादरी ठेवत असत, तिथे एक टेबल आणि एक फोन आला आणि दारावर नवी पाटी लागली: विचारपूस कक्ष. चादरी गेल्या, खळीचा वास मात्र तिथेच मुक्कामाला राहिला. घरी सोडलेल्या प्रत्येक पेशंटला तिसऱ्या दिवशी फोन करायचा आणि छापील फॉर्मवरचे सात प्रश्न विचारायचे, एवढंच काम. औषधं मिळाली का, कशी घेता, ताप आला का, जखम कशी आहे, चक्कर येते का, जेवणझोप कशी आहे, पुन्हा कधी यायचं ते ठाऊक आहे का. वॉर्डातल्या मैत्रिणी थट्टा करत, "मजा आहे बाई तुझी, आता नुसत्या गप्पा मारायच्या." ती म्हणे, "या की मग. दिवसाला तीस घरांचं रडगाणं ऐकून दाखवा."

ही विचारपूस सुरू केली होती गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी. पेशंटचं अर्धं नुकसान घरी गेल्यावर होतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या खोलीच्या चारही भिंतींवर तक्ते होते, म्हणून सिस्टर मनातल्या मनात त्यांना तक्तेबाई म्हणत असे. बाई कडक, पण मनाने सरळ होत्या. चूक झाली की आधी माणूस धरायचा नाही, चूक कुठल्या फटीतून आत आली ती फट शोधायची, हा त्यांचा नियम होता.

दुसऱ्याच महिन्यात घड्याळजी गेले. मनगटी घड्याळं दुरुस्त करणारे एक हसरे म्हातारे. त्यांना रक्त पातळ करण्याची गोळी दिली होती. घरी तीच गोळी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची, आधीपासून पडून होती. त्यांनी इमानाने दोन्ही घेतल्या. सिस्टरच्या यादीत त्यांचा नंबर एकोणिसावा होता. अकरा वाजता तिने फोन लावला तेव्हा सून म्हणाली, "दहाला गेले हो."

"तुमची चूक नाही," मॅडम म्हणाल्या. सगळेच म्हणाले. पण त्या दिवसापासून तिने एकच हट्ट धरला. पुन्हा कुणाच्या घरी आपला फोन उशिरा पोचायचा नाही. दहाच्या ऐवजी ती नऊला येऊन बसू लागली.

त्यानंतर पंधरा दिवसांनी तिने एका शिंप्याला फोन लावला. त्याच्या आईला हृदयाच्या दुखण्यातून घरी सोडलं होतं. सिस्टरने आपलं नेहमीचं सुरू केलं, तर शिंपी हसला.

"अहो सिस्टर, मघाशीच तर बोललो आपण! पाऊण तास झाला असेल."

"कोण बोललं?"

"तुम्हीच की. सगळ्या औषधांचा डबा पालथा करायला लावलात, एकेक नाव वाचून घेतलंत. तीच गोळी दोनदा निघाली ना! एक तुम्ही फेकायला लावलीत. आई वाचली हो माझी. तुमचे उपकार मी कसे फेडू?"

पाऊण तासापूर्वी सिस्टर बसमध्ये उभी होती, आणि तिच्या पायावर कुणाची तरी पिशवी होती. तिने नुसतं "बरं, काळजी घ्या," म्हटलं आणि फोन ठेवला.

हॉस्पिटलातून बाहेर जाणारा प्रत्येक फोनची नोंद समोरच्या केबिनमधल्या ऑपरेटरकडे होई. सगळे त्यांना हॅलोकाका म्हणत, कारण ते समोरासमोर भेटले तरी "हॅलो" म्हणूनच बोलायला सुरुवात करत. काकांनी नोंदी दोनदा पाहिल्या.

"हॅलो, तुमच्या खोलीतून आज पहिला फोन नऊ वाजून दहा मिनिटांनी गेलाय. त्याआधी काही नाही."

दुपारी शिंपी आभार मानायला पेढ्यासारखा गोड चेहरा घेऊन स्वतः आला. त्याने मोबाइल पुढे केला. आठ पंचवीसची वेळ आणि खाली सिस्टरच्याच टेबलावरचा नंबर. मॅडमनी तो चष्मा काढून पाहिला, चष्मा लावून पाहिला. "यंत्राचा घोळ असेल," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण डबा पालथा करायचा प्रश्न चांगला आहे. फॉर्मवर घेऊ." तो आठवा प्रश्न झाला.

पुढच्या महिन्यात एक शिक्षिका. बाळंतपणानंतर घरी गेलेली. "तुम्ही दोन्ही पोटऱ्या शेजारी ठेवून बघायला सांगितल्यात," ती म्हणाली, "डावी सुजलेली निघाली. आम्ही निघालोच आहोत, रिक्षातूनच बोलतेय." पायात रक्ताची गुठळी होती. आणखी एक दिवस गेला असता तर ती फुप्फुसात चढली असती, असं डॉक्टर म्हणाले. तो नववा प्रश्न.

मग साखरेच्या आजारातल्या एक आजी. त्यांना दुकानदाराने इंजेक्शनची वेगळी सिरिंज दिली होती, खुणा वेगळ्या, म्हणजे डोस अडीचपट. "तुम्हीच म्हणालात ना, सुईवरच्या रेघा मोजून दाखवा म्हणून," आजी म्हणाल्या. "पोरी, तुझ्या तोंडात साखर पडो. माझ्या नको." त्या दिवशी तर सिस्टर मुद्दाम साडेसातला आली होती. तिने फोनची वायर भिंतीतून उपटून काढली होती आणि ती मांडीवर घेऊन बसली होती. आजींना फोन आला तो आठ वाजून दहा मिनिटांनी.

आता घाबरायला हवं होतं. तिने घाबरून पाहिलंही. दोन दिवस खोलीचं दार उघडं ठेवून बसली, खुर्ची भिंतीला टेकवून. पण भीती काही टिकेना. टिकत होती ती कृतज्ञता. आपलं दूध उतू जाताना शेजारणीने येऊन गॅस बंद करावा आणि आपण "बरं झालं बाई तू होतीस" म्हणावं, तसं तिला वाटत असे. रोज सकाळी खोलीत शिरताना ती हलक्या आवाजात म्हणायची, "आभारी आहे हं." उत्तर यायचं नाही, आणि त्याबद्दलही ती आभारी होती.

एकदा तिने मॅडमना सगळं सांगून टाकलं. वायरीचंसुद्धा. मॅडमनी चारही भिंतींवरून नजर फिरवली.

"याला माझ्याकडे तक्ता नाही," त्या म्हणाल्या. "पण घरी गेल्यावर दगावलेल्यांचा तक्ता बघा. चार महिने झाले, एकही नाही."

एक गोष्ट मात्र सिस्टरने मॅडमना सांगितली नाही. चार महिन्यांत तिने अडीच हजारांवर फोन केले होते. त्यांतल्या पाच घरांनी "मघाशीच तर बोललो" म्हटलं होतं. पाचही घरांत काहीतरी जिवावर बेतणार होतं. जिथे सगळं ठीक होतं, तिथे तो फोन कधीच गेला नव्हता.

त्याच सुमारास तिच्या नवऱ्याच्या छातीत दुखलं. तो बस डेपोतला मेकॅनिक, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला. आयुष्यभर इंजिनांची नाडी पाहिली आणि स्वतःच्या छातीला मात्र "गॅस झालाय" म्हणत राहिला. हृदयाच्या नळीत जाळी बसवून सोमवारी त्याला घरी सोडलं. मुलगी परदेशी, घरात दोघंच. सिस्टरने दोन दिवस रजा काढली. तिसरा दिवस काढू म्हणाली तर तो चिडला.

"उशाशी बसून काय वारा घालणार आहेस मला? जा कामावर. तिथे लोक वाट बघतात तुझी."

"दार नीट लावून घ्या," ती सवयीने म्हणाली आणि निघाली. ते सांगायची गरज नव्हती. दुपारी चोर येतात यावर त्याचा ठाम विश्वास होता, आणि दाराला वर एक, खाली एक अशा दोन लोखंडी कड्या त्याने स्वतः ठोकल्या होत्या.

नऊला पाच कमी असताना ती खुर्चीत बसली. त्या दिवशीच्या यादीत पहिलं नाव नवऱ्याचंच होतं. तिला हसू आलं. तिने नंबर फिरवला आणि आवाज अगदी सरकारी केला.

"नमस्कार, विचारपूस कक्षातून बोलतेय. पेशंट कुठे आहेत?"

"पेशंट चहा पितायत," तो म्हणाला. "काय गं, करमत नाही का? आत्ता तर ठेवलास फोन."

तिच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळत खाली गेलं.

"कधी?"

"आत्ता. दोन मिनिटं नाही झाली. असं काय करतेस?"

"मी काय म्हणाले?"

"विसरलीस? कड्या काढून ठेवा म्हणालीस. वरची, खालची, दोन्ही. मी म्हटलं, आधी कारण सांग."

"काढल्यात?"

"अगं, पण..."

"अहो, काढल्यात का?"

"काढल्या बाई, काढल्या! दार नुसतं लोटलंय. चोर आला तर तुझ्या नावाने पावती फाडीन."

तिने डाव्या हाताने दार ढकललं आणि समोरच्या केबिनकडे ओरडली, "काका! अॅम्ब्युलन्स! माझ्या घरी!" हॅलोकाकांनी पहिल्यांदाच हॅलो म्हटलं नाही.

"कुणाशी बोलतेयस?" नवऱ्याने विचारलं.

"छातीत काही होतंय?"

"ठणठणीत आहे मी."

"खरं सांगा."

"जरा घाम आलाय. उकडतंच आहे आज."

बाहेर ढग होते आणि तिला स्वेटर घालावासा वाटत होता.

"जमिनीवर बसा. आत्ता. कप ठेवा खाली."

कप ठेवल्याचा आवाज आला नाही. फुटल्याचा आला.

ती त्याला हाका मारत राहिली. नाव घेऊन हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच. पलीकडे पंख्याची घरघर होती.

सहा मिनिटं.

मग दाराचा आवाज आला. तोडल्याचा नाही. नुसतं ढकलल्याचा.

जाळी बंद पडली होती. ती त्याच दिवशी पुन्हा उघडली. हृदयाचे डॉक्टर स्वतः खाली आले, तिच्या खोलीत उभे राहिले आणि म्हणाले, "दार फोडण्यात पाच मिनिटं गेली असती, तर सिस्टर, मी आत्ता इथे वेगळ्या तोंडाने उभा असतो." तिने त्यांना नमस्कार केला. अॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला केला, काकांना केला, लिफ्टमनला केला, त्याचा काय संबंध ते त्यालाही कळलं नाही. मग चादरींच्या खोलीचं दार आतून लोटून घेतलं, फोनसमोर उभी राहिली आणि पोटभर रडली. "फार उपकार झाले," ती म्हणत होती. "फार उपकार झाले गं." गं का म्हटलं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

मॅडमनी त्याच आठवड्यात नवा फॉर्म छापून आणला. शेवटचा प्रश्न होता: घरी एकटे असताना दाराला आतून कडी लावता का?

चौथ्या दिवशी दुपारी नवऱ्याला उशीला टेकवून बसवलं. खिडकीतून ऊन आलं होतं. तिने त्याला चमच्याने खिमट भरवलं, आणि तो "मीठ कमी आहे" म्हणाला तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने चमचा खाली ठेवून त्याचा हात धरला.

"बरं झालं तू फोन केलास," तो म्हणाला. "पहिला."

तिने त्याच्या ओठांना लागलेलं खिमट पुसलं.

"दुसऱ्यांदा केलास तेव्हा घाबरली होतीस. पहिल्यांदा अगदी निवांत होतीस. दहा-बारा मिनिटं बोललो की आपण."

"दहा-बारा मिनिटं? कड्यांबद्दल?"

"छे. कड्या काढून आलो आणि म्हटलं, ठेवतो आता. तर म्हणालीस, ठेवू नका, बोला थोडं. म्हटलं, काय बोलू? म्हणालीस, काहीही. मग मी आपलं शेजारच्यांच्या मांजराचं सांगितलं, चहात साखर जास्त पडल्याचं सांगितलं. तू नुसती ऐकत होतीस. मधे एकदा हसलीस."

"आणि?"

"आणि काय. मीच म्हटलं, कामं नाहीत का तुला? तर म्हणालीस, आहेत, आता करते. ठेवताना मात्र काहीतरीच बोललीस. सकाळी आठला तर घरातून गेली होतीस."

"काय बोलले मी?"

"म्हणालीस, किती वर्षांनी ऐकला हो तुमचा आवाज."