तपकिरी पाय

मावशींची पिशवी टेबलावर उपडी केलेली होती. डबा, कंगवा, चष्म्याचं घर, गुडघ्याला लावायचं मलम. येणारे-जाणारे डोकावून बघत होते. मावशी भिंतीला टेकून उभ्या होत्या, ज्या दारात बावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या पिशव्या तपासल्या, त्याच दारात.

बाईंचं डोकंच फिरलं. बाई म्हणजे जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. पक्षी ओळखायचं जुनं, पानं सुटत आलेलं पुस्तक काखेत घेऊन त्या दर शनिवारी-रविवारी या संग्रहालयात यायच्या, कारण त्या पुस्तकातली सगळी मूळ चित्रं इथल्या भिंतींवर होती.

"काय तमाशा मांडलाय हा?"

"चोरी झालीय," संचालक म्हणाले. "एक्केचाळिसावं चित्र, शेकाट्या पक्ष्याचं. काल संध्याकाळी होतं, आज चौकट रिकामी. दाराच्या किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे, एक हिच्याकडे. आजच नोकरी सोडायची आणि दाराजवळची खोलीही रिकामी करायची, सांगितलंय मी."

हिच्याकडे! वयाने आईसारख्या बाईला! बाईंनी दात आवळले.

फौजदार तरुण होता, वहीत लिहीत होता. "काल कुलूप कोणी लावलं?"

"मीच," मावशी म्हणाल्या. "चित्रं मोजून. रोज मोजते. काल चौऱ्याऐंशी भरली."

"बाहेर काही नेलं कोणी?"

"माझ्या समोरून पिशवी दाखवल्याशिवाय कोणी जात नाही. डबासुद्धा मी दारातच खाते. साहेबांचीही पिशवी बघते. चष्मा, रंगांची पेटी, छत्री. रोज तेच."

"नियमाचं भूत बसलंय हिच्या मानगुटीवर," संचालक फणकारले.

बाई तिथून सरळ अभिप्रायाच्या वहीकडे गेल्या. काल त्यांनी स्वतःच तावातावाने लिहिलं होतं: 'चित्र एक्केचाळीस. शेकाट्याचे पाय तपकिरी कसे? पुस्तकात गुलाबी आहेत. तज्ज्ञाला बोलावून चित्र तपासून घ्या.' खाली संचालकांची सही होती, कालच्याच संध्याकाळची.

म्हणजे हे आपल्यामुळे झालं. आपण खरडलं आणि मावशींच्या गळ्याशी आलं. बाईंना स्वतःचाच संताप आला.

"साहेब, पायांचं काय ठरवलंत?"

"छापखान्याचा दोष आहे तो. छापील रंगांवर माझा काडीचा विश्वास नाही. पक्ष्याचा खरा रंग बघायचा तर आमच्या कपाटातल्या नमुन्यात बघा."

नमुने म्हणजे कापूस भरून वाळवलेले पक्षी. ते लांबलचक खणांत निजवून ठेवलेले असायचे.

संग्रहालयाच्या पाट्या रंगवणारी मुलगी घाबरून कोपऱ्यात उभी होती. बाईंनी तिला विचारलं, "तू पोस्टकार्डांवर शेकाट्या काढतेस ना गं? कशावरून?"

"पुस्तकावरून, बाई. नमुने कुठले बघायला मिळायला! कपाटाची किल्ली साहेब कोणालाच देत नाहीत."

बाईंनी पुस्तक टेबलावर आपटलं.

"फौजदार, शेकाट्यांचा खण उघडायला लावा. चित्र तिथेच आहे. एक नाही, दोन असतील."

संचालक हसले. जरा जास्तच मोठ्याने हसले. "या बाईंना इथे चौकशीला कोणी बोलावलंय?"

"कोणी नाही. तरी ऐकून घ्या. शेकाट्याचे पाय गुलाबीच असतात. मी चिखलात बसून पाहिलेत. पण पक्षी मेला की पायांचा रंग उडतो, ते वाळून तपकिरी पडतात. काल भिंतीवरच्या चित्रात पाय तपकिरी होते. म्हणजे ते चित्र मेलेल्या पक्ष्यावरून रंगवलेलं होतं. मूळ चित्र नव्हतंच ते, नक्कल होती! या मुलीने केली असती तर पुस्तकावरून केली असती, आणि पाय गुलाबी आले असते. नमुना समोर घेऊन रंगवणारा माणूस इथे एकच. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे, आणि रंगांची पेटी ज्याच्या पिशवीत."

"पण समोर मूळ चित्र असताना नमुना कशाला?" फौजदाराने विचारलं.

"कारण मावशी रोज मोजतात! चित्र रात्रभर भिंतीवरून हलवायची सोय नव्हती. दालन रिकामं मिळतं ते जेवणाच्या सुट्टीत, अर्धा तास. तेवढ्यात यांनी घाईघाईने फक्त रेषा उतरवून घेतल्या आणि रंग आपल्या खोलीत बसून नमुन्यावरून भरले. पुस्तक उघडून बघितलं असतं तरी निभावलं असतं, पण मिजास आडवी आली. मग नक्कल टांगली, मूळ खणात दडवलं. बाहेर नेणार कसं? दारात या बसलेल्या. तेवढ्यात मी वहीत लिहिलं. तज्ज्ञ आला असता तर बिंग फुटलं असतं. म्हणून आज सकाळी नक्कलही काढली आणि बोट मावशींकडे दाखवलं. त्या गेल्या की दार मोकळं. अहो, लाज कशी वाटली नाही तुम्हाला?"

संचालक आता हसत नव्हते. फौजदाराने किल्लीसाठी हात पुढे केला.

खणात चार वाळके शेकाटे पाय जुळवून निजले होते. त्यांच्याखालच्या कापसाखाली दोन चित्रं निघाली. एकात पाय तपकिरी, दुसऱ्यात गुलाबी. दुसऱ्याच्या कडेला चित्रकाराने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: 'पायांचा रंग पक्षी जिवंत असतानाच टिपला.'

"मावशी, माफ करा," फौजदार म्हणाला. मावशींनी आपल्या वस्तू एकेक करून पिशवीत भरल्या, डबा सगळ्यात वर ठेवला आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

संचालक खांद्याला पिशवी लावून निघाले, फौजदार मागोमाग.

"थांबा साहेब. पिशवी."

"आता कशाला?"

"जाताना सगळ्यांची बघते."

मावशींनी एकेक वस्तू त्याच टेबलावर मांडली, अगदी सावकाश. चष्मा, छत्री, रंगांची पेटी. येणारे-जाणारे डोकावून बघत होते. आज त्यांनी पेटीही उघडली. तपकिरी वडी झिजून तिला खड्डा पडला होता. गुलाबी वडीला पाणीसुद्धा लागलेलं नव्हतं.

त्यांनी पेटी फौजदाराच्या हातात दिली आणि मग बाजूला झाल्या.