डिलको कोण फिरवतंय?

“हमझा, हात मागे!”

तूबा एवढ्या जोरात किंचाळली की तिचं तिलाच दचकायला झालं. धनेशकाकांनी हमझाची कॉलर धरून त्याला मागे खेचलं. त्याची बोटं इंजिनाच्या पंख्यापासून जेमतेम वीतभर लांब होती.

“पण पंखा बंद होता ना!” हमझा रडवेला झाला.

“बंद नव्हता, बंद दिसत होता!” काकांनी हातातली पिस्तुलासारखी टायमिंग लाइट विझवली. त्यासरशी उभा दिसणारा पंखा गरगर फिरताना दिसू लागला. “इंजिनात ठिणगी पडली की ही चमकते. फिरणारी वस्तू दर वेळी त्याच जागी आली की लाइट चमकते, म्हणून डोळ्यांना ती थांबल्यासारखी वाटते. भल्याभल्यांनी बोटं घालवलीत अशी! व्हा मागे, तिघंही!”

तिघं म्हणजे तूबा, तिचा धाकटा भाऊ हमझा आणि काकांची मुलगी आकांक्षा. नाताळची सुट्टी लागली होती आणि मस्कतमधल्या बौशरच्या फ्लॅटमध्ये तिघांना कंटाळा आला होता. जवळच्या गाला भागातलं हे गॅरेज मात्र मज्जेचं! तूबाचे अब्बा उस्मान दापोलीचे, धनेशकाका गुहागरचे, आणि गॅरेज दोघांच्या भागीदारीतलं. त्यात सध्या उभी होती नबील अर्बाबची, म्हणजे इथल्या ओमानी शेठची, जुनी अमेरिकन गाडी. दोन दारांची, काळी कुळकुळीत, आणि चालू झाली की शेजारच्या टायरवाल्याच्या काचा थरथरवणारी! अर्बाबनी तिच्या इंजिनात इतकं काही नवं बसवलं होतं की मूळ पुस्तकातले आकडे आता तिला लागूच पडत नव्हते.

“पप्पा, टायमिंग म्हणजे नक्की काय सेट करता तुम्ही?” आकांक्षाने विचारलं.

“पेट्रोल पेटवणारी ठिणगी कधी पडायची ते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच उलटा दणका. फार उशिरा पडली तर ताकद वाया, वर इंजिन तापतं. हा डिलको बघ.” काकांनी जाड वायरींचा झुपका असलेल्या डब्यावर टिचकी मारली. “हा जरा इकडे फिरवला की ठिणगी लवकर, तिकडे फिरवला की उशिरा. सेट झालं, आता बोल्ट घट्ट. खलास!” काकांनी इंजिन बंद केलं.

“मी खूण करू?” म्हणत आकांक्षाने पर्समधून पांढरं नेलपॉलिश काढलं आणि डिलकोवरून खाली इंजिनावर एक सरळ रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं पुन्हा गॅरेजात आली, तर रेघ तुटलेली होती! डिलकोवरचा तुकडा एका बाजूला, इंजिनावरचा दुसऱ्या.

“हादऱ्याने फिरला असेल,” काका म्हणाले आणि त्यांनी तो पुन्हा लाइट लावून सेट केला. पुढच्या सकाळी परत तेच! या वेळी काकांनी बोल्ट आणखी आवळला. का फिरला याचा विचार करायला मात्र त्यांना सवड नव्हती.

“घट्ट बोल्ट हादऱ्याने फिरत नाही,” आकांक्षा तूबाच्या कानात कुजबुजली. “समबडी फिरवतंय!”

तूबाला लगेच शुक्रवारचा बेत आठवला. त्याच सकाळी नबील अर्बाब येऊन मोठ्या उत्साहात सांगून गेले होते, “शुक्रवार सुबह बौशर से अमरात, पहाड के ऊपर से! धनेश, तू और उस्मान, दोनो मेरे साथ बैठेगा. यल्ला, चलो!” तो घाट तूबाने पाहिला होता. अंगावर येणारा चढ, आणि पलीकडे त्याहून भयंकर उतार. नेमका त्या गाडीशी कुणी लपूनछपून खेळत असेल, आणि आत तिचे अब्बा बसलेले असतील तर?

“मोठ्यांना सांगू या,” हमझा म्हणाला.

“कुणाला सांगणार?” तूबा हळूच म्हणाली. खरी अडचण तीच होती. अब्बा आणि काका एकमेकांशी बोलतच नव्हते! काकांनी ती टायमिंग लाइट आणली त्या दिवशी दोघांचं वाजलं होतं. तेव्हापासून काकांनी सकाळची पाळी धरली होती आणि अब्बांनी संध्याकाळची. मधल्या सुट्टीत एक जण शटर ओढून निघून जाई, मग दुसरा येऊन ते उघडी. वर्षानुवर्षं एका डब्यात जेवलेली दोन माणसं, पण आता समोरासमोर आली तरी भिंतीकडे बघत.

त्या संध्याकाळी तिघांनी ठरवलं, चोर पकडायचाच! अब्बांबरोबर गॅरेजात यायचं निमित्त होतंच. ‘शेजारी खेळतो’ असं तिघांनी अब्बांना सांगितलं, आणि ते मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या, नमाजाला बाहेर पडले तशी तिघं लपली. मुली टायरांच्या चळतीमागे, आणि हमझा थेट गाडीच्या नाकाखाली!

शटर अर्धं खाली होतं. बाहेरचा उजेड विझत चालला तशी गॅरेजातली प्रत्येक वस्तू अनोळखी दिसू लागली. साखळीवर टांगलेलं इंजिन उगाचच हलल्यासारखं वाटलं. आकांक्षाने तूबाचं मनगट असं आवळलं होतं की रक्त थांबावं.

शटरखालून दोन पाय आत आले. एक वाकलेली सावली गाडीजवळ गेली. बॉनेट करकरलं. पाना खणकन वाजला आणि एक हात डिलकोवर गेला.

“चोर! चोर!” हमझाला राहवलं नाही.

सावली उडालीच! “या अल्ला!” म्हणत तिने पाना टाकला आणि दिवा लावला.

“अब्बा?” तूबा म्हणाली. ज्याची भीती वाटत होती तो माणूस तिच्याच घरचा निघाला होता. आकांक्षाने तिचं मनगट सोडलं आणि ती एक पाऊल लांब सरकली. ते एक पाऊल तूबाला फार लागलं.

“अब्बा, तुम्ही काकांचं काम बिघडवता?”

“बिघडवतो? अगो, सुधारतो!” अब्बा भडकले. “मी रोज संध्याकाळी गाडी चक्कर मारायला नेतो. चढावर इंजिन ठोकतं, डब्यात खडे घालून हलवावेत तसं! त्याच्या त्या दिव्याला ऐकू येतं काय? मी कानाने टायमिंग लावतो, तो सकाळी येऊन परत फिरवतो.”

“मग चाचा, पप्पांना सांगत का नाही?” आकांक्षाने विचारलं.

“मी सांगू? त्याने माझ्या कानांना खटारा रेडिओ म्हटलं!”

एरवी तिघं खो खो हसली असती. त्या संध्याकाळी कुणालाच हसू आलं नाही. घरी जाताना अब्बांच्या गाडीत मागच्या सीटवर तूबा विचार करत बसली; पुढे अब्बा अजून धुमसत होते. काका लाइट मारून इंजिनाच्या चाकावर कोरलेली खूण जुळवतात, आणि इंजिन ठोकतं. अब्बांचा कान आजवर चुकलेला नाही. काकांची लाइटही इतर सगळ्या गाड्यांवर बरोबर चालते. मग यात खोटं कोण बोलतंय?

“खूण!” ती एकदम आकांक्षाच्या कानात म्हणाली. “लाइट ज्या खुणेवर मारतात ती खूणच चुकीच्या जागी असेल तर?”

“लोखंडावरची खूण कशी सरकेल?” आकांक्षाने विचारलं. मग तिने नाक मुरडलं. “हमझा, हात बघ तुझे! काळे झालेत.”

“गाडीखाली काळा चुरा पडलाय,” हमझा बोटं चोळत म्हणाला. “रबराचा आहे. खोडरबरासारखा लागतो.”

तूबाला एकदम उलगडलं. टायमिंगची खूण असते इंजिनाच्या पुढच्या जड चाकावर. तसलंच एक जुनं चाक गॅरेजच्या भंगारात पडलेलं होतं, आणि त्याची रचना तिला पाठ होती. मधे एक तुकडा, त्याच्याभोवती जाड लोखंडी कडं, आणि दोन्हींना धरून ठेवणारं रबर. खूण मात्र बाहेरच्या कड्यावर! रबरच झिजून गळत असेल, तर कडं मधल्या तुकड्यावर सरकणार. आणि उद्यापरवा ते सुटलंच तर?

गुरुवारी सकाळी इंजिन गार होतं आणि चावी काकांच्या खिशात होती. तूबाने आकांक्षाचं नेलपॉलिश घेतलं आणि त्या चाकावर एकच रेघ मारली, मधल्या तुकड्यापासून थेट कड्याच्या काठापर्यंत. संध्याकाळी अब्बा गाडी फिरवून आले. शुक्रवारी सकाळी सगळे गॅरेजात जमले, तेव्हा तिघं आधी गाडीपुढे जाऊन वाकली.

रेघ तुटली होती. दोन तुकड्यांमध्ये चांगलं बोटभर अंतर पडलं होतं.

“काका, हे चाक बघा ना!”

“नंतर, बाळा! अर्बाब आलेच.”

“अब्बा, प्लीज! कडं सुटतंय!”

“तूबा, बाजूला हो. पोरांनी इंजिनात नाक खुपसू नये.”

“पप्पा, ऐका तरी!”

कुणी ऐकायलाच तयार नाही! एक जण बॉनेटच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला, आणि दोघांच्या नजरा अर्बाबच्या चकचकीत जीपकडे. तूबाला रडू कोसळणार होतं. आता थोड्या वेळात दोघं या गाडीत बसतील, घाट चढतील आणि वर कुठेतरी... तिला पुढचं मनातही आणवेना.

अब्बा आणि काका अर्बाबचं स्वागत करायला दाराशी गेले. तूबा डिलकोकडे वळली. अब्बांना करताना तिने शंभरदा बघितलं होतं. डिलकोच्या टोपणाच्या दोन क्लिपा सोडायच्या, टोपण उचलायचं आणि आतला छोटा रोटर वर ओढायचा. त्याच्याशिवाय ठिणगी जाणार कशी? तिने रोटर मुठीत घेतला, टोपण बसवलं आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

नबील अर्बाब ऐटीत स्टिअरिंगवर बसले. चावी फिरली. किर्रर्र, किर्रर्र, किर्रर्र! पुन्हा फिरली. पुन्हा नुसतं किर्रर्र.

“क्या हुआ?” अर्बाबच्या कपाळावर आठी चढली.

“याने रात्री फिरवलं असणार!” काका ओरडले.

“मी लावलेलं टायमिंग तूच सकाळी बिघडवलंस!” अब्बा ओरडले.

“म्हणजे माझ्या मागे हात लावतोस? चोरासारखा?”

“इंजिन फुटू द्यायचं होतं काय, धन्या?”

आवाज चढत गेले. हमझा आकांक्षाच्या मागे लपला.  तूबा पुढे झाली आणि तिने मूठ उघडली.

“रोटर माझ्याकडे आहे.”

 अब्बांनी तिच्याकडे असं बघितलं की तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. “तूबा! दे इकडे!”

“देते. पण आधी दोघांनी मिळून लाइट लावून ते चाक बघायचं. एकत्र! आणि समोर कुणी उभं राहायचं नाही.” तिने मूठ पुन्हा मिटली. “मग मला काय हवी ती शिक्षा द्या.”

अर्बाब गाडीतून उतरले. त्यांनी रागावलेल्या दोन्ही बाप्यांकडे पाहिलं, मग तूबाकडे. “बच्ची को डर है तो वजह होगा. देखो!”

रोटर बसला. मुलांना भिंतीच्या कडेला उभं केलं. अब्बांनी गाडीत बसून इंजिन चालू केलं, आणि काकांनी बाजूने वाकून लाइट मारली. पांढऱ्या लखलखाटात चाक जागच्या जागी थिजल्यासारखं दिसलं. रेघेचा आतला तुकडा स्थिर उभा होता. बाहेरचा तुकडा मात्र हळू, अगदी हळू, मागे पडत होता!

 “उस्मान!” काका ओरडले. “बंद कर! बंद कर!”

अब्बांचा हात चावीवर गेला, पण कडं त्याआधीच निसटलं. फाट्कन पट्टा तुटला, कानठळ्या बसवणारा खणखणाट झाला आणि रेडिएटर फोडून गरम पाण्याचा फवारा उडाला. जड कडं गडगडत येऊन फरशीवर आडवं झालं. नेहमी बॉनेटवर वाकायला अब्बा उभे राहत, अगदी तिथेच.

 वाफ सुस्कारत होती.

“घाटात सुटलं असतं तर...” काका पुटपुटले. 

“इंजिन ठोकत होतं ते तुझ्या लाइटमुळे नव्हे,” अब्बा गाडीतून उतरत म्हणाले. “खूणच सरकलेली होती.”

“आणि तुला ते ठोकणं ऐकू येत होतं. मला एकदा सांगितलं असतंस तर मी विचारलं असतं, का म्हणून.”

“तू एकदा मला विचारलं असतंस, रोज डिलको का फिरतो, तर मी सांगितलं असतं.”

 मग काका तूबापाशी येऊन गुडघ्यावर बसले. “पोरी, आम्ही दोघांनी मिळून जे बघितलं नाही ते तुम्ही तिघांनी बघितलंत. आज आम्ही दोघं जिवंत उभे आहोत ते तुमच्यामुळे.”

“शाबाश, या बिन्ती! मेरी बेटी!” नबील अर्बाबनी छातीवर हात ठेवला. “तुम तीनो को जब ये गाडी ठीक होगी, सबसे पहले बिठाऊंगा. इन्शाल्ला!”

“पुढच्या सीटवर मी!” हमझा लगेच म्हणाला, आणि सगळे हसले. तूबाला मात्र हसता हसता रडू फुटलं. एवढे दिवस दाबून ठेवलेली भीती सगळी एकदम बाहेर आली. अब्बांनी तिला जवळ घेतलं.  आकांक्षा येऊन तिच्या शेजारी चिकटून उभी राहिली.

नवं चाक आलं तेव्हा तिघं बघायला हजर होती. कुठल्याच खुणेवर आता आंधळा भरवसा ठेवायचा नव्हता. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून, पिस्टन खरोखर सगळ्यात वर कधी येतो ते शोधून मगच खूण पक्की करायची होती. एकाने पान्याने इंजिन हळूहळू फिरवायचं, दुसऱ्याने पिस्टनवर नजर ठेवायची. काका पाना घेऊन खाली बसले. अब्बा वरून वाकले.

“थोडं पुढे,” अब्बा म्हणाले. “आणखी थोडं. थांब, धनेश!”

“थांबलो,” काका खालून म्हणाले. “आता सांग, काय दिसतंय?”