पिवळ्या गाडीचा मालक

बाबाराव ढोके सदर बाजारातला तो अरुंद जिना रोज चढत. आज मात्र वर पोहोचल्यावर ते आपल्या कोपऱ्यातल्या स्टुलावर न बसता थेट अशिलाच्या खुर्चीत बसले.

"ताई, आज मी गिऱ्हाईक."

भावना सोनटक्के यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वीस वर्षं सरकारी प्रयोगशाळेत राख, रक्त आणि विष तपासून झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली होती आणि सोनाराच्या दुकानावरच्या या खोलीत खाजगी चौकशीचं काम सुरू केलं होतं. बाबाराव रेल्वेच्या वॅगन कारखान्यातले निवृत्त फिटर. तीन वर्षांपासून ते बाईंना स्कूटरवरून नेत-आणत, दारं ठोठावत आणि उलगडा झाला की "हे तं आपल्याले सुचलंच नाही" असं अगदी प्रामाणिकपणे म्हणत.

"बोला, बाबारावजी."

"एक गाडी घ्यायची का नाही, ते सांगा. पाच वाजेपर्यंत दलालाले जबाब द्याचा आहे."

त्यांचा मुलगा सचिन शहराबाहेर सिलतऱ्याच्या कारखान्यांच्या पट्ट्यात एका लोखंडाच्या प्लांटमध्ये सुपरवायझर होता. त्याने एक जुनी पिवळी स्पोर्ट्स कार पाहून ठेवली होती. परदेशी बनावट, दोनच दारं, समोरून ठोकलेली. किंमत पाच लाख, दुरुस्तीला आणखी दीड. लग्नसराईत नवरदेवांच्या वरातीला भाड्याने द्यायची, दोन हंगामांत पैसे वसूल, असा त्याचा हिशेब.

"आणि पैसे?"

"माझ्या फंडाचे." बाबारावांनी मान खाली घातली. "शहराबाहेर नवी राजधानी वसून राह्यली, तिथं दोन खोल्या घ्याच्या म्हणून ठेवले होते. सचिनची माय सरला एकतीस वर्षं क्वार्टरात राह्यली, आता भाड्यानं राहून राह्यली."

"मग नाही म्हणा."

"कसं म्हनू? पोट्ट्यानं जन्मात काही मागतलं नाही, ताई. मले तो दलालच खोटा वाटते. तुम्ही तेवढं पकडून द्या. तो खोटा निघाला, का माझं काम सोपं झालं."

भावनाताईंनी खणातून एक चुंबक आणि प्लास्टिकची छोटी पिशवी काढली. "चला."

खाली स्कूटर उभी होती. हँडलला विश्वकर्मा पूजेचा लाल-पिवळा धागा होता. सप्टेंबरात बांधलेला, जानेवारीपर्यंत मळून काळपट झालेला.

"चार महिने झाले, हा सुटत कसा नाही?" मागे बसता बसता भावनाताईंनी विचारलं.

"गाठ असन तं सुटन ना! सात वेढे घ्याचे, टोकं पिळाची आन् पीळ खाली दाबून आत खोचाचा. वॅगनच्या नटाले तार मारतो ना, तशी." बाबारावांनी किक मारली. "घरी शिलाई मशीनलेही असाच आहे. पकडा नीट, गर्दी आहे."

लोकेश साहूचं जुन्या गाड्यांचं आवार गुढियारीत, मालधक्क्याच्या मागे होतं. सचिन आधीच येऊन उभा होता. भावनाताईंना पाहून तो क्षणभर गडबडला.

"मावशी, तुम्ही पण?"

"तुझ्या बाबांनी आणलं. गाडी पाहायला पैसे पडत नाहीत ना?"

गाडी पत्र्याच्या शेडखाली होती. पुढचा डावा कोपरा आत दबलेला, दिवा गायब. तरीही ती अशी बसली होती, की आत्ता उडी मारेल. बाबारावांना ती आवडली, आणि आवडली याचाच राग आला.

"नागपूरची गाडी आहे, मैडम," लोकेश सांगू लागला. "सिंगल ओनर. साहेब विदेशात गेले, साल भर बंगल्यात कव्हर घालून बंद होती. पंधरा दिवस झाले, ट्रकवर चढवून आणली."

"ठोकर कशी लागली?"

"गेटच्या खांबाला. काढताना ड्रायव्हरने घासली. अंदर सब ओके."

"बॉनेट उघडा."

लोकेश चालकाच्या बाजूला वाकला. स्टेअरिंगखाली चाचपडला, सीटखाली हात घातला. "इसका खटका... कुठे दिला आहे..."

"तिकडे नाही," म्हणत सचिन डाव्या दाराकडून आत वाकला आणि समोरच्या खणाखाली हात घालून त्याने खटका ओढला. बॉनेट टप्पकन उचललं गेलं.

बाबारावांना अभिमान वाटला. पोट्टा गाड्यांमधला आहे.

"आधी पाहिली होतीस का रे ही?" भावनाताईंनी विचारलं.

"एकदा. परवा. बाहेरूनच."

बाबाराव इंजिनवर वाकले. निवृत्त होऊन कितीही वर्षं झाली तरी यंत्र दिसलं की फिटरचे हात मागे राहत नाहीत. रेडिएटरच्या वरच्या नळीला लाल-पिवळा धागा होता, उष्णतेने करपट झालेला. त्यांनी बोटाने चाचपून पाहिला.

"कोनीतरी पूजा केली आहे. बांधला बी नीट आहे," ते म्हणाले आणि पुढे बेल्ट पाहू लागले.

भावनाताईंनी धाग्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग चुंबक पिशवीत घालून काचेखालच्या पन्हळीतून, दारांच्या बिजागऱ्यांतून फिरवलं. पिशवीला बाहेरून काळी, बारीक लव चिकटली.

"हे काय?" बाबारावांनी विचारलं.

"धूळ."

त्या आत बसल्या. उजव्या सीटचा पट्टा जुना, कडांना विटलेला. डाव्या सीटचा पट्टा कोरा करकरीत.

"हा एकच का बदलला, लोकेश भैया?"

लोकेशने सचिनकडे पाहिलं. "मालकाने बदलला असेल. मैडम, रेट मात्र फिक्स आहे. एक रुपया कमी नाही होणार."

"दलाल असून भाव करत नाही," बाहेर पडताना बाबाराव पुटपुटले. "पाह्यलं? मी म्हनलो होतो ना, खोटा आहे."

"खोटा आहेच," भावनाताई म्हणाल्या. "पण त्याच्या फायद्यासाठी नाही. गाडी तुमच्या दोस्ताला, तुळशीराम मिस्त्रींना दाखवली होती म्हणालात ना? त्यांच्याकडे चला."

तुळशीराम मेश्राम यांचं गॅरेज दोन गल्ल्या सोडून होतं. वॅगन कारखान्यात सत्तावीस वर्षं ते आणि बाबाराव एकाच बाकावर. शटरवर पंचशील झेंडा, आत भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर आणि तिच्याखाली आकाराप्रमाणे लावलेले पाने. ते कार्ब्युरेटर धूत होते. बाबारावांना पाहून त्यांनी नेहमीसारखी शिवी दिली नाही.

"तुळश्या, गाडी पाह्यली ना? घेऊ का?"

"नको घेऊ."

"काहून?"

"नको घेऊ म्हटलं ना."

"इंजिनात खराबी आहे?"

"इंजिन चांगलं आहे. पुढची चेसिस वाकली. सरळ केली तरी ती गाडी सरळ चालनार नाही." तुळशीराम हात पुसत राहिले.

"आणि डावी बाजू?" भावनाताईंनी विचारलं. "सगळा मार तिकडेच आहे."

"त्या बाजूले मी गेलो नाही."

बाबारावांना हसू आलं. "वा रे मिस्त्री! मार डावीकडे आन् तू उजवीकडून पाहून आला?"

तुळशीराम हसले नाहीत.

"विश्वकर्मा पूजेला तुमच्याकडे मोठी गर्दी असेल," भावनाताई सहज बोलल्यासारखं बोलल्या.

"त्या दिवशी माझं शटर खाली असते, ताई. आमच्यात ते नाही. कारखान्यात होतो तवा बी धागे बांधाचं काम याचंच. मशीन माझी असो का याची."

मागच्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता. खाटेवर तुळशीरामांचा मुलगा सुशील पडून होता. डाव्या पायाला बाहेरून लोखंडी सळ्या बसवलेल्या, डाव्या खांद्याचं हाड वेडंवाकडं जुळलेलं. सचिन आणि तो एकाच प्लांटमध्ये होते. ऑक्टोबरात उंचावरून पडला, असं बाबारावांना माहीत होतं.

"कसा आहेस, बेटा?" बाबाराव आत डोकावले. "सचिन तं गाडी घेऊन राह्यला, ऐकलं का? बरा हो, तुलेच पहिल्यांदा फिरवन."

सुशीलने तोंड भिंतीकडे वळवलं.

बाबारावांना वाटलं, पोट्ट्याचं दुखत असेल.

साडेतीनला भावनाताईंनी सचिनला कचेरीत बोलावून घेतलं. दार लोटलं. बाबाराव अशिलाच्या खुर्चीत, सचिन त्यांच्या स्टुलावर.

"बाबारावजी, तुम्ही विचारलंत, खोटं कोण बोलतंय. आधी गाडीचं सांगते." त्यांनी ती पिशवी टेबलावर ठेवली. "लोकेश म्हणतो, गाडी वर्षभर नागपूरला कव्हरखाली होती. बंगल्यातली धूळ म्हणजे माती. ती चुंबकाला चिकटत नाही. ही चिकटते. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांमधून उडणारी लोखंडाची धूळ आहे ही. बिजागरीच्या आत इतकी बसायला आठवडेच्या आठवडे लागतात. गाडी सिलतऱ्यात होती."

"म्हनजे लोकेश..."

"थांबा. कधी होती? नळीवर पूजेचा धागा आहे. प्लांटमध्ये हा धागा एकाच दिवशी बांधतात, सतरा सप्टेंबरला. तो करपला आहे, म्हणजे त्यानंतर इंजिन तापलं, गाडी चालली. आता, तो बांधला कोणी?"

बाबाराव खुर्चीत पुढे सरकले.

"तुम्ही हात लावून पाहिलात आणि म्हणालात, नीट बांधला आहे. नीट म्हणजे कसा?"

"सात वेढे, पीळ, आन् खाली..." ते थांबले.

"सगळं जग गाठ मारतं, बाबारावजी. तुम्हाला त्यात वेगळं काही दिसलं नाही, कारण तुमच्या घरात धागा असाच बांधतात. हा पीळ घालणारे दोघं मी ओळखते. तुम्ही, आणि तुमच्याच बाकावर शिकलेले तुळशीराम. पण तुळशीराम पूजेचा धागा बांधत नाहीत. त्या दिवशी त्यांचं शटर खाली असतं. तुम्ही बांधला नाहीत. मग तुमच्याकडे पाहून शिकलेला तिसरा माणूस उरतो."

खालच्या दुकानात कोणीतरी पैंजण हलवून पाहत होतं.

"ज्या गाडीचा खटका दलालाला सापडला नाही, तो सचिनने न पाहता ओढला. ती गाडी त्याने बाहेरूनच पाहिली होती म्हणे. दलाल भाव करत नव्हता, कारण भाव त्याचा नव्हता. पट्ट्याचं विचारलं तेव्हा त्याने याच्याकडे पाहिलं. गाडीचा मालक याच खोलीत बसला आहे."

"सचिन?" बाबाराव म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला.



"आता शेवटचं," भावनाताई म्हणाल्या, आणि इथे त्या पहिल्यांदा अडखळल्या. "ठोकर गेटच्या खांबाची नाही. पट्टा एकच बदलला आहे, डावा. जोराच्या धडकेत माणसाचं वजन पेललेला पट्टा पुन्हा कामाचा राहत नाही, कधी कापावाही लागतो. म्हणजे डाव्या सीटवर कोणीतरी होतं. डाव्या सीटचा पट्टा डाव्या खांद्यावरून येतो. ज्याचं डावं खांद्याचं हाड आणि डावा पाय एकाच वेळी मोडला, असा एक मुलगा आपण आज पाहिला. त्याच्या बापाला त्या बाजूला जाववत नाही."

बाबारावांच्या डोळ्यांपुढे भिंतीकडे वळलेलं ते तोंड आलं. "तुलेच पहिल्यांदा फिरवन," असं आपण म्हणालो होतो.

"आम्ही दोघांनी मिळून घेतली होती, बाबा," सचिन अखेर म्हणाला. "ऑगस्टमध्ये. चार वर्षांचा पगार साठवून. कागद अजून नागपूरवाल्याच्याच नावावर आहेत. वरातीचं पहिलं भाडं हातात आलं की तुम्हा दोघांना एकदम सांगायचं ठरलं होतं. रोडवर ट्रक उभा होता, बिना लाइटचा. चालवत मी होतो."

"आन् प्लांटात पडला म्हनून सांगतलं?"

"सुशीलनंच सांगितलं तसं. माझं नाव नको यायला म्हणून." त्याने डोळे पुसले नाहीत. "काकांना नंतर कळलं. ते म्हणाले, बाबारावले तू सांग, मी नाही सांगनार. तीन महिने झाले. जमलं नाही."

"आन् आता पाच लाख?"

"सोमवारी नागपूरला दुसरं ऑपरेशन आहे. काकांचा फंड पहिल्यातच संपला. ही गाडी भंगारवाल्याशिवाय कोणी घेत नाही. म्हटलं, तुम्ही घेतली तर ते पैसे ऑपरेशनला..."

"मागतले असते तं दिले नसते का मी?"

"सांगितल्याशिवाय कसे मागू, बाबा?"

बाबारावांनी भावनाताईंकडे पाहिलं. तीन वर्षांत दर वेळी या क्षणाला बाई काहीतरी करत. पोलिसांना फोन लावत, कुणाला तरी दारात अडवत. आज त्या चष्म्याच्या काचा पुसत होत्या. काचा स्वच्छ होत्या.

"ऑपरेशननं पाय वाचन?"

"डॉक्टर काही बोलत नाहीत," सचिन म्हणाला.

बाबाराव उठले. "आईले तू सांग. घराचं बी तूच सांग. आजच."

जिना उतरताना त्यांनी भिंतीला हात लावला. सदर बाजारात नेहमीचाच गोंधळ होता. स्कूटर दुसऱ्या किकला सुरू झाली. पाच वाजता लोकेशचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही.

तुळशीराम शटर अर्धं ओढून आत बसले होते. बाबारावांचा चेहरा पाहून त्यांनी दुसरा स्टूल पुढे सरकवला.

"उद्या बँक उघडली का पैसे आनतो," बाबाराव म्हणाले.

"नको."

"तुळश्या..."

"तुह्या पोट्ट्याचे दोनदा वापस केले. तुह्ये कसे घेऊ? सरलावहिनीच्या घराचे आहेत ते."

"मंग मी काय करू?"

"मले काय माहीत." तुळशीरामांचा आवाज चढला नाही, उतरलाही नाही. "मले माझंच नाही समजून राह्यलं."

माल उतरवून गेलेल्या ट्रकच्या धुराचा वास शटरखालून येत होता. मग पडद्यामागून सुशीलने हाक मारली, "बाबा."

तुळशीराम उठले. दारात जाऊन थांबले, मागे वळले.

"ये. त्याले बाहेर न्याचं आहे. पाय सरळ धरून ठेवाले दुसरा मानूस लागते. मायचे हात भरून येतात त्याच्या."

बाबारावांनी चपला काढल्या आणि आत गेले. सुशीलने त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एक हात सळ्यांच्या खाली आणि एक गुडघ्याखाली घातला, तुळशीराम म्हणाले "हं," आणि दोघांनी मिळून उचललं.

भरला पंचवीस वर्षांचा पोट्टा. पण हातात काही वजनच लागलं नाही.