एक्केचाळीस नंबरचा दोरा

एक मार्चची सकाळ. प्लोव्दिव गावात पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, धुकं म्हणावं तर धुकं नाही, असं काहीतरी भुरभुरत होतं. बाजारामागच्या छोट्या चौकात, आलुबुखाराच्या झाडाखालच्या बाकावर नेवेना वही उघडून बसली होती. तेवढ्यात एक मनगट थेट तिच्या नाकासमोर आलं. त्यावर लाल-पांढरा दोरा नुसताच टाकलेला, दोन्ही टोकं लोंबत होती.

"बांधता का जरा? एका हाताने जमत नाही..."

लांबोडका तरुण, अंगात पांढरा कोट, बाहीवर कसलीतरी पांढरी पूड आणि चेहऱ्यावर असं हसू की जणू हिची नि त्याची सात जन्मांची ओळख.

एक मार्चला कोणी दोरा पुढे केला तर नाही म्हणणारा माणूस त्या गावात अजून जन्माला यायचाय. मार्तेनित्सा म्हणतात त्याला. आपला आपण बांधायचा नसतो, दुसऱ्याने बांधायचा. आणि पहिलं फुललेलं झाड किंवा पहिला करकोचा दिसला की सोडून फांदीला अडकवायचा. नेवेनाने बांधला. एक निरगाठ मारली, घाईघाईत वर दुसरी मारली. तो गाठीकडे बघत राहिला, मग तिच्याकडे बघत राहिला, आणि आभार मानून समोरच्या कवळ्यांच्या कारखान्यात शिरला.

तो गेला आणि बाईसाहेबांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो! ती तिथे बसली होती माणसांचा अभ्यास करायला. चौकात रोज येणाऱ्या बासष्ट जणांपैकी कोण कधी दोरा सोडतं, कोणाचं बघून सोडतं, हे टिपायचं होतं. पहिला नियम म्हणजे बघायचं, बोलायचं नाही, मध्ये पडायचं नाही. आणि इथे पहिल्याच दिवशी हिने गाठ मारली होती! तिने इकडेतिकडे पाहिलं. बिया विकणाऱ्या पेना मावशीशिवाय कोणी नव्हतं. तिने वहीत लिहिलं, 'क्र. ४१, पुरुष, अंदाजे तीस.' आणि 'दोरा कोणी बांधला' हा रकाना कोरा सोडला.

तिच्या प्रोफेसर रादेवा बाईंचा सिद्धांत साधा होता. माणूस म्हणतो, मी माझ्या मनाने वागतो. पण आधी तो चोरून आजूबाजूच्या चार जणांकडे बघतो. चाळीस वर्षं बाई बसथांब्यांवर, पावाच्या रांगांत, लग्नांच्या पंगतीत उभ्या राहून हेच बघत आल्या होत्या. नेवेनाला त्यांचं भारी कौतुक. आपण रोज ज्यावरून चालत जातो, त्यातून कोणीतरी माणसाचा स्वभाव उकलून दाखवतो, याचं तिला लहान मुलासारखं नवल वाटे.

सतरा तारखेला झाड फुललं. पहिल्या दिवशी तिघांनी फांदीला दोरे बांधले, दुसऱ्या दिवशी अकरा जणांनी, आणि मग नुसती झुंबड. बाईंनी सांगितलं होतं अगदी तस्सं! खुणा करता करता नेवेनाच्या अंगावर काटा आला.

फक्त एक्केचाळीस नंबर काही बधेना. तो रोज साडेबाराला यायचा, हातात गरम बानित्सा. फुललेल्या झाडाखाली उभा राहून चीजचा तो खुसखुशीत रोल चवीने खायचा, आणि दोरा तसाच ठेवून निघून जायचा. जाता जाता विचारायचा, "आज किती झाले?" ती ओठांवर बोट ठेवायची. तोही ठेवायचा. हल्ली तिचं लक्ष बारापासूनच घड्याळाकडे लागायचं. तिला वाटायचं, ही आपली अभ्यासातली चिकाटी.

"चिकाटी म्हणे," पेना मावशी बियांचा पुडा बांधत म्हणाली. "हातच्या काकणाला आरसा कशाला, पोरी?"

एप्रिल उजाडला. पाकळ्या गळल्या, धुराड्यांवर करकोचे येऊन बसले, साऱ्या गावात त्या एकाच मनगटावर दोरा राहिला. नाही, दोन मनगटांवर. नेवेनाचा दोराही तसाच होता, कारण शेवटची खूण होईपर्यंत आपला सोडायचा नाही असं तिनेच ठरवलं होतं. प्रबंध द्यायला दोन आठवडे उरले. एक्केचाळीस नंबरची ती एक ओळ पुसली असती तर सगळं प्रकरण चोख दिसलं असतं. तिने खोडरबर हातात घेतलाही होता. पण रादेवा बाईंनी बजावून ठेवलं होतं की, नियम मोडणारा सापडला तर त्याला पुसायचं नाही, विचारायचं.

तेव्हा तिने विचारलं.

"तुम्ही दोरा का सोडत नाही? गाठ सुटत नाही का?"

"करकोचा दिसला नाही अजून."

"तुमच्या कारखान्याच्या धुराड्यावरच बसलाय! आणि हे झाड? डोक्यावर फुललं होतं की."

"मी खाली बघत होतो..." तो थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तुमच्या वहीकडे. कोणी फांदीला दोरा बांधला की तुम्ही खूण करता. सगळ्या खुणा झाल्या की तुम्ही जाणार. म्हटलं... आपली एक राहू द्यावी."

नेवेनाला आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच राग आला. म्हणजे नियम मोडणारा माणूस सापडलाच नव्हता, हिनेच तो तयार केला होता! तुम्ही माझ्या वर्षभराच्या कामाची माती केलीत, असं ती फाडकन बोलली आणि वही मिटून निघून गेली. दुसऱ्या दिवशी साडेबाराला बानित्साचा वास आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मात्र तिने स्वतःशी कबूल केलं की आपल्याला प्रबंधाचं दुःख नाही, ल्युबेनचं आहे. हे नावही तिला पेना मावशीने सांगितलं.

ती रादेवा बाईंकडे गेली आणि गाठीपासून सगळं सांगून टाकलं. बाईंनी चष्मा काढला.

"चार जणांऐवजी तो एकाच माणसाकडे बघत होता. सिद्धांत मोडला कुठे गं? पण कोरा रकाना भर. त्यावरून नापास झालीस तरी भर."

तिने भरला. मे महिन्यात तोंडी परीक्षेला पाच जण समोर बसले, आणि टकलू परीक्षकाने नेमकं तेच पान उघडलं. एक्केचाळीस नंबरला दोरा कोणी बांधला?

"मी," नेवेना म्हणाली. "नियम मोडून बांधला, आणि महिनाभर लपवलं. तो कोणासाठी थांबला ते मला बघता आलं नाही, कारण मी त्याला बघण्यात गुंतले होते."

टकलू परीक्षकाने रादेवा बाईंकडे पाहिलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या, बहुधा हसू लपवायला. तिला बाहेर बसवलं आणि अर्ध्या तासाने निकाल सांगितला. प्रबंध मंजूर, पण प्रकरणाचा शेवट नव्याने लिहायचा. त्या ओळीचं पुढे काय झालं तेही नोंदवायचं.

पुढे काय झालं? ती जवळजवळ धावतच चौकात आली. झाडाला आता पानंच पानं. बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, बाक रिकामा होता. पेना मावशीने न विचारताच कारखान्याच्या दाराकडे हनुवटी उडवली. नेवेनाने दार ठोठावलं. ल्युबेन हातात अर्धी कवळी घेऊनच बाहेर आला. मनगटावर दोरा तसाच, धुऊन धुऊन गुलाबी झालेला.

त्याने तोंड उघडायच्या आत तिने आपलं मनगट त्याच्या नाकासमोर धरलं.

"सोडतोस का जरा? एका हाताने जमत नाही..."

त्याने कवळी कोटाच्या खिशात टाकली. तिची गाठ लगेच सुटली. त्याची मात्र सुटता सुटेना. तिने नखं लावली, शेवटी दात लावले, तेव्हा कुठे सुटली. दोन्ही दोरे त्यांनी एकाच फांदीला बांधले. मग ती बाकावर बसली, वही काढली, एक्केचाळीस नंबरपुढे खूण केली, आणि त्याला बसायला जागा करून दिली.