तलवारींवरची रेघ

"हात मागं, पुट्टी!"

मी ओरडायच्या आत दुकानदारच ओरडला... आणि त्या 'पुट्टी'चा, माझ्या चार वर्षांच्या चिमुरड्या संहिताचा हात काचेच्या हंसापासून वीतभर अंतरावर थांबला. बेंगळुरूच्या शिवाजीनगरमधलं ते जुन्या वस्तूंचं दुकान म्हणजे माझ्या जिवाला नुसता घोर. जिकडं बघावं तिकडं फुटण्यासारखं!

"संहिता, इकडं ये आधी!"

"मराठी का तुम्ही?" तो हसला. "आम्ही पण. दहा पिढ्या बेंगळुरूतच. स्वल्प बसा, अक्का."

त्याचं नाव रविकिरण. मी टॉवेलात गुंडाळलेली पोर्सेलीनची बाहुली काढली. हातात टोपली, पायाशी मेंढी. बाबा ट्रेनिंगला जर्मनीत गेले होते, तेव्हा त्यांनी ड्रेस्डेनच्या जुन्या बाजारातून आणलेली.

"दादा म्हणतो, नकली आहे. पुढच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी आहे. त्याआधी मला खरं काय ते कळायला हवं."

त्यानं बाहुली उलटी केली. तळाला निळ्या रंगात दोन तलवारींची फुली होती.

"नख फिरवून बघा. रंग लागतो नखाला?"

"नाही... गुळगुळीत आहे."

"चकाकीच्या थराखाली आहे तो. नकलीवर बऱ्याचदा वरून काढतात. पण—" तो अडखळला. "ही आडवी रेघ मात्र लागते. मुद्दाम कोरलीय. पुस्तकं बघून सांगतो. नाव लिहा इथं. शनिवारी याल?"

"शलाका," मी लिहिलं.

समोरच्या हॉटेलातून त्यानं माझ्यासाठी, मी सांगितली तशी कमी साखरेची, कॉफी मागवली होती. बोलता बोलता, न बघताच, त्यानं तो गरम पेला टेबलाच्या कडेपासून आत सरकवला. संहिताचा हात पोचणार नाही इतका. मी ते बघितलं. मी सगळंच बघते.

"शनिवारी हिचे अप्पा... बाबा पण येतील?"

"ते... बिझी असतात."

खोटं! पण घटस्फोट म्हटलं की माणसांचा आवाज बदलतो. कुणाचा एकदम ओला होतो, कुणाचा भलताच सैल. याचा बदलू नये, असं मला का वाटावं?

शनिवारी दुकानात पाऊल टाकलं आणि थबकलेच. खालची पूर्ण फळी रिकामी केलेली. हंस वर गेला होता आणि त्याच्या जागी चन्नपट्टणचे लाकडी घोडे, गाड्या.

"विकायला ठेवलेत?"

"छे, मोडायला!" त्यानं संहिताला एक घोडा दिला. मग माझ्याकडं वळला. "अस्सल आहे, अक्का. जर्मनीतल्या माइसेन कारखान्याचीच, तलवारी ही त्यांचीच खूण! कुठं बारीक खोट राहिली, की कारखान्यातच तलवारींवर रेघ मारतात. पहिल्या प्रतीची नाही, एवढंच."

"पण खोट आहे कुठं?"

एका भिंगातून आम्ही दोघं शोधू लागलो. टोपली, झालर, बोटं... त्याचा श्वास माझ्या गालाशी. माझं लक्ष बाहुलीवर नव्हतंच.

"आई, मेंढी डोळा मारतेय!" टेबलाच्या कडेशी नाक टेकवून संहिता म्हणाली.

खरंच की! मेंढीचा एकच डोळा रंगवलेला. दुसरा राहूनच गेला होता.

आम्ही इतके हसलो, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या हसण्यातच मी बोलून गेले, "मी खोटं बोलले त्या दिवशी. हिचे बाबा बिझी नाहीत. आमचा घटस्फोट झालाय. दोन वर्षं झाली."

मग मी कान टवकारले.

त्यानं भिंग शर्टाला पुसलं. सावकाश.

"सरी," तो म्हणाला. 'बरं', एवढंच. आवाज तोच, पहिल्या दिवशीचा. मग दारातून वाकून त्यानं समोरच्या हॉटेलवाल्याला हाक दिली, "अण्णा, वन बाय टू!"

एक कॉफी, दोघांत.

"साखर कमी ना... शलाका?"

अक्का कुठं गेली होती कोण जाणे!

माझा अर्धा पेला त्यानं टेबलावर ठेवला. संहिताचा हात पोचणार नाही आणि माझा पोचेल, नेमक्या तेवढ्या अंतरावर.

मी हात पुढं केला.